म्यूझस्कोरमध्ये पियानो-फोर्टे ऐकू का येत नाही?

म्यूझस्कोर हा मोफत प्रोग्रॅम आता अनेक संगीतशिक्षक वापरतात. समूहगीत स्टाफ नोटेशनमध्ये लिहायचं, ऑडिओ फाइल काढायची आणि पालकांच्या ग्रुपवर टाकायची, की मुलं घरी सराव करतात. सोय छान आहे. पण ती फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जोराने वाजत असेल, तर मुलंही गाणं तसंच सपाट बसवतात, आणि एकदा बसलेलं मोडून काढणं महाकठीण. म्हणून फाइल पाठवण्याआधी डायनॅमिक्स, म्हणजे आवाजाचा लहान-मोठेपणा, वाजतोय ना हे बघायला हवं.

आधी जरा भाषेबद्दल. ‘हळू म्हण’ सांगितलं की अर्धा वर्ग लय कमी करतो. ‘आवाज चढव’ म्हटलं की काही जण पट्टीच वर नेतात. त्यापेक्षा ‘लहान आवाजात’ आणि ‘मोठ्या आवाजात’ हे शब्द बरे.

आता प्रोग्रॅमकडे. कागदावर ‘एफ’ दिसला की आपल्याला फोर्टे कळतं. संगणकाला मात्र अक्षर नको, आकडा हवा. त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. मिडी पद्धतीत ती 127 पर्यंत असते. म्यूझस्कोर 3 मध्ये पियानोला 49, मेझो फोर्टेला 80 आणि फोर्टेला 96 असे आकडे आधीच दिलेले आहेत. चिन्हच नसेल तर तो 80 धरून वाजवतो. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. स्टाफ टेक्स्ट घेऊन त्यात ‘एफ’ टाइप केला तर छापील कागदावर तो फोर्टेसारखा दिसतो, पण त्यामागे आकडा नसतो. वाजवताना त्याचा उपयोग शून्य. चिन्ह डायनॅमिक्सच्या पॅलेटमधूनच घ्यावं. शंका असेल तर चिन्हावर क्लिक करून एफ-8 दाबा. इन्स्पेक्टरमध्ये व्हेलॉसिटी दिसली की ते खरं चिन्ह.

दुसरी अडचण व्याप्तीची. चार आवाजांच्या गाण्यात चार वेगळे पार्ट असतात. सोप्रानोखाली पियानो लिहिलं तर फक्त सोप्रानो लहान होते, बाकीचे तीन आपल्याच जोरात चालतात आणि नेमकी चाल दबते. इन्स्पेक्टरमध्ये ‘डायनॅमिक रेंज’समोर पार्टऐवजी सिस्टम निवडा, म्हणजे एकच चिन्ह सगळ्यांना लागू होतं. तरी मी प्रत्येक आवाजाखाली वेगळं चिन्ह लिहिण्याच्या बाजूची आहे. आल्टोच्या मुलीने आपली ओळ वाचताना वरच्या ओळीत का डोकवायचं?

क्रेशेंडोची लांब खूण घातली तर तिच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे चिन्ह द्या. कुठून निघायचं आणि कुठपर्यंत मोठं व्हायचं, हे त्याशिवाय ठरत नाही.

एवढं करूनही पियानोच्या एका लांब स्वरावर क्रेशेंडो ऐकू आला नाही तर सेटिंग शोधत बसू नका. खऱ्या पियानोतही तारेवर हातोडी एकदा पडली की स्वर विरतच जातो. तीच ओळ चार छोट्या स्वरांची करून बघा, वाढ लगेच कानावर येईल.

मिक्सरच्या पट्ट्या मात्र यासाठी सरकवू नका. त्या वाद्यावाद्यांतला तोल राखायला आहेत. सरकवल्या तर पूर्ण गाणंभर त्या वाद्याचा आवाज कमी किंवा जास्त होतो.