रसिकतेचे धन

मुंबई म्हटली की धावणाऱ्या आगगाड्या, उंच इमारती आणि घड्याळाकडे पाहत चालणारी माणसे डोळ्यांसमोर येतात. अशा नगरीत कला, ग्रंथ, अन्न आणि मैत्री यांचा आस्वाद घ्यावयास सवड कोणाला, असे पुष्कळांना वाटते. आनंद म्हणजे सुटीच्या दिवशी पैसे मोजून विकत घ्यावयाची वस्तू, असा समज त्यातूनच रूढ होतो. हा समज कितपत खरा आहे, हे पाहावयाचे असेल तर मुंबईच्याच एका टोकाला वसलेल्या मढ गावाकडे वळावे.

अंधेरीच्या पश्चिमेस वेसावे हे कोळ्यांचे जुने गाव आहे. त्याच्या उत्तरेला खाडी आणि खाडीपलीकडे मढ. फेरीबोटीने काही मिनिटांत मढला पोहोचता येते. रस्त्याने जावयाचे तर मालाडवरून मोठा वळसा पडतो. येथील किल्ला पोर्तुगीजांनी बांधला आणि 1739 साली वसईच्या मोहिमेत तो मराठ्यांनी जिंकला. परंतु मढचे खरे वैभव किल्ल्याच्या तटात नाही. ते तेथील माणसांच्या नित्याच्या कामात आहे.

मढचे कोळी डोल नावाचे जाळे समुद्रात लावतात. हे जाळे तोंडाशी रुंद व शेपटीकडे निमुळते होत गेलेले असते. भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर मासे त्यात शिरतात आणि प्रवाह मंदावला की जाळे ओढून घेतात. म्हणजे कोळ्याचा दिवस घड्याळावर चालत नाही, तो समुद्राच्या श्वासावर चालतो. जाळ्यात बोंबील पुष्कळ मिळतात. हा मासा अतिशय मऊ असतो आणि त्याच्या अंगात पाण्याचा अंश फार. त्यामुळे तो लवकर नासतो. यावर कोळी लोकांनी सुंदर उपाय शोधला आहे. किनाऱ्यावर बांबू रोवून त्यांना दोऱ्या बांधतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात. खिळा नको, सुतळी नको. एकाचा भार दुसरा तोलतो आणि दोघांनाही चहूबाजूंनी वारा लागतो. स्त्रियांची बोटे हे काम इतक्या चपळाईने करतात की पाहणारा थक्क होतो. हीही कलाच नव्हे काय?

पावसाळ्याच्या आरंभी, 1 जून ते 31 जुलै या काळात, यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा तो काळ. त्या दिवसांत तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचे कालवण यांची गोडी काही निराळीच! हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या एका घासात भरती, वारा, ऊन आणि कोणाचे तरी श्रम एकत्र येतात. ज्याला ठाऊक नाही, तो वाळणाऱ्या बोंबलांच्या वासाने नाक मुरडून निघून जातो. पदार्थ तोच, वासही तोच. अंतर आहे ते जाणिवेचे.

श्रावणात नारळी पौर्णिमा येते. होड्या रंगवून सजवितात, समुद्राला नारळ अर्पण करतात आणि वल्ह्यांच्या ठेक्यावर घडलेली कोळीगीते किनाऱ्यावर घुमतात. जवळच्या एरंगळ गावी पोर्तुगीज काळातील एक जुने चर्च आहे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तेथे जत्रा भरते. ख्रिस्ती भाविकांबरोबर हिंदू कोळी बांधवही तेथे येतात आणि समुद्रकाठी एकत्र बसून जेवतात. ज्यांना समुद्रावर एकमेकांच्या हाकेला धावून जावे लागते, त्यांची मैत्री धर्माच्या कुंपणापाशी थांबत नाही.

ग्रंथांचे सुखही येथून दूर नाही. खाडी ओलांडून अंधेरी गाठावी. पुढचेच स्थानक पार्ले. तेथे लोकमान्य सेवा संघ ही संस्था 1923 साली स्थापन झाली आणि तिच्या ग्रंथालयाने अनेक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. पु. ल. देशपांडे यांचे बालपण जोगेश्वरी आणि पार्ले या उपनगरांतच गेले. पुढे ते थोर लेखक झाले. पेटीही तितक्याच तन्मयतेने वाजवू लागले. संगीताच्या मैफलीवर त्यांनी जितक्या प्रेमाने लिहिले, तितक्याच प्रेमाने खाद्यपदार्थांवर आणि मित्रमंडळींवरही लिहिले. ‘बटाट्याची चाळ’ या त्यांच्या पुस्तकात राजेरजवाडे नाहीत; चाळीतील साधी बिऱ्हाडेच आहेत. इतरांनी जेथे केवळ गर्दी पाहिली, तेथे पुलंना माणसे दिसली.

चित्रकलेचेही तसेच आहे. मुंबईतील जहांगीर कलादालन 1952 साली उघडले. तेथील चित्रे पाहण्यास तिकीट लागत नाही. लागतो तो चित्रापुढे शांतपणे उभा राहण्याचा धीर.

तर मग रसिकता म्हणजे काय? ती श्रीमंतांची मिरास नव्हे आणि रिकामटेकड्यांचा छंदही नव्हे. समोरच्या वस्तूकडे मन लावून पाहणे आणि तिच्यामागील श्रमांचा मान राखणे, हीच रसिकता. शहर वाढते तसे मोकळे किनारे आकसतात. बोंबील वाळविण्याची जागा ज्याला केवळ रिकामी जमीन वाटते, तो ती गेली तरी हळहळणार नाही. ज्याने तो मासा, ते गीत आणि ती माणसे जाणली, तोच तिच्यासाठी दोन शब्द बोलेल. रसिकतेचे धन असे आहे: ते स्वतःला सुख देते आणि दुसऱ्याचे जीवनही जपते.

अभ्यास
1. कोळ्याचा दिवस ‘समुद्राच्या श्वासावर चालतो’ असे का म्हटले आहे?
2. बोंबील वाळविण्याची रीत आपल्या शब्दांत सांगा. तिला कला का म्हणावे?
3. ‘अंतर आहे ते जाणिवेचे’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
4. तुमच्या घरी होणारा एखादा पदार्थ ताटात येईपर्यंत कोणाकोणाचे हात त्याला लागतात, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.