मुखपट्टी आणि लोकमानस : डिंडोलीच्या निमित्ताने

सुरत शहराच्या आग्नेय भागात, उधन्याजवळ डिंडोली ही दाट लोकवस्ती आहे. उदरनिर्वाहासाठी खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे उधना, लिंबायत व डिंडोली या पट्ट्यात स्थिरावली आहेत. घरात अहिराणी, बाजारात गुजराती व हिंदी, असा अनेकांचा नित्य व्यवहार आहे. यंत्रमाग, भरतकामाची यंत्रे आणि कापडबाजारातील मजुरी ही त्यांच्या उपजीविकेची प्रमुख साधने होत. उधना-जळगाव लोहमार्गामुळे या वस्तीचा गावाकडील संबंध अखंड राहिला आहे. साथीच्या काळात रोग आणि अफवा या दोहोंचा प्रवास याच वाटेने होऊ शकतो. म्हणून अशा वस्तीतील लोकमानसाचा विचार खानदेशातील गावांनाही उद्बोधक ठरेल.

भयाची पहिली वेळ

सुरतेला साथ नवी नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे फुप्फुसाच्या प्लेगची साथ उद्भवली, तेव्हा लाखो लोकांनी शहर सोडले. त्या वेळी तोंडाला रुमाल बांधण्यास कोणाचा आग्रह लागला नाही. भय पुरेसे होते. मार्च २०२० मध्ये करोनाचा शिरकाव झाल्यावरही प्रारंभी असेच घडले. घरोघरी शिवलेल्या कापडी पट्ट्या, गमछे, ओढण्या यांनी चेहरे झाकले गेले.

मात्र तज्ज्ञांच्या सल्ल्यातही आरंभी एकवाक्यता नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी व्यक्तींनी सर्रास मुखपट्टी वापरण्याची शिफारस प्रथम केली नव्हती. जून २०२० मध्ये तिने आपला सल्ला बदलला. लक्षणे दिसण्यापूर्वीही रुग्णाकडून रोग पसरतो, हे तोवर स्पष्ट होत गेले होते. ज्ञान वाढले की सल्ला बदलतो, ही शास्त्राची रीतच आहे. परंतु ही गोष्ट लोकांना पुरेशी समजावून सांगितली न गेल्याने, ‘काल नको म्हणत होते, आज हवी म्हणतात’ असा संशय अनेकांच्या मनात राहिला.

शंकेची दुसरी वेळ

फेब्रुवारी २०२१ च्या आरंभी देशातील रोजची रुग्णसंख्या सुमारे दहा-अकरा हजारांवर उतरली होती. साथ गेली, असा समज दृढ झाला. त्याच महिन्यात विदर्भात रुग्ण वाढू लागले. अमरावतीत निर्बंध लागू झाले व महाराष्ट्र शासनाने ‘मी जबाबदार’ ही मोहीम जाहीर केली. त्यापाठोपाठ सुरतेतही साथ उसळली. १ मे २०२१ रोजी देशातील एका दिवसाच्या नव्या रुग्णांची संख्या चार लाखांवर गेली.

साथ उलटली तेव्हा लोकांचे मन मात्र पूर्वीचे राहिले नव्हते. टाळेबंदीत रोजगार बुडाला होता. पुन्हा काम थांबेल ही चिंता रोगाच्या चिंतेहून मोठी होती. मागाच्या खडखडाटात जवळ जाऊन मोठ्याने बोलावे लागते. दमट उकाड्यात पट्टी घामाने भिजते व श्वास कोंडल्यासारखे वाटते. ती हनुवटीवर सरकवणाऱ्यास केवळ बेपर्वा म्हणणे अन्यायाचे होईल. दुसरीकडे निवडणुकीच्या सभा, विवाहसमारंभ यांतील गर्दी लोक पाहत होते. नियम सर्वांस सारखा लागू होताना दिसला नाही, की त्याचे नैतिक बळ क्षीण होते.

दंडाची मर्यादा

गुजरातेत मुखपट्टी न वापरल्याचा दंड ऑगस्ट २०२० मध्ये एक हजार रुपये करण्यात आला. हातावर पोट असणाऱ्यास ही रक्कम फार जड होती. दंडाने शिस्तीस साहाय्य होते यात शंका नाही. परंतु केवळ दंडावर विसंबल्यास मुखपट्टी पोलीस दिसताच वर चढते आणि चौक ओलांडताच खाली येते. नियम मोडणाऱ्यांना करोना केंद्रांत सेवाकार्य देण्याचा आदेश गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्यास दुसऱ्याच दिवशी स्थगिती दिली.

इतिहासाचा दाखला

दुसऱ्या वेळी लोकांचे मन वळवणे अधिक अवघड असते, हे इतरत्रही दिसले आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने ऑक्टोबरमध्ये मुखपट्टी सक्तीची केली. बहुसंख्यांनी ती मानली. नोव्हेंबरात सक्ती उठली. पण साथ उलटल्याने जानेवारी १९१९ मध्ये ती पुन्हा लागू करावी लागली. तेव्हा मात्र तिच्या विरोधासाठी संघच स्थापन झाला.

सुशिक्षितांनाही हा मोह चुकलेला नाही. १९१०-११ मध्ये मांचुरियातील प्लेगच्या वेळी डॉ. वू लिएन-तेह यांनी रोग श्वासावाटे पसरतो असे सांगून मुखपट्टीचा आग्रह धरला. फ्रेंच वैद्य मेनी यांना ते पटले नाही. त्यांनी मुखपट्टीविना रुग्ण तपासले आणि काही दिवसांतच ते प्लेगने दगावले.

मन कसे वळते?

या प्रश्नाचे उत्तर बांगलादेशातील एका मोठ्या प्रयोगाने काही अंशी दिले आहे. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात सुमारे ६०० गावांत तो झाला. निवडक गावांत मुखपट्ट्या घरोघरी मोफत दिल्या, त्यांचे महत्त्व सांगितले, इमाम व गावातील मान्यवरांनी स्वतः त्या वापरल्या आणि बाजारात, मशिदीजवळ स्वयंसेवकांनी पट्टी न लावणाऱ्यास सौम्यपणे आठवण दिली. योग्य वापराचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. पट्टी लावली की लोक बेफिकीर होतात, ही भीतीही खरी ठरली नाही. उलट अंतर पाळण्याचे प्रमाण थोडे वाढले. शस्त्रक्रियेच्या प्रकारची पट्टी वाटलेल्या गावांत, साठीवरील व्यक्तींमध्ये चाचणीने सिद्ध झालेला लक्षणयुक्त आजार सुमारे एक-तृतीयांशाने घटला. केवळ भ्रमणध्वनीवरील संदेशांचा मात्र वेगळा परिणाम आढळला नाही.

यावरून बोध स्पष्ट आहे. पहिल्या वेळी भय लोकांकडून काम करवून घेते. दुसऱ्या वेळी ते काम विश्वासाने करावे लागते. मुखपट्टी स्वतःपेक्षाही घरातील वृद्धासाठी, शेजारच्या मागावरील सोबत्यासाठी असते, हे ओळखीच्या माणसाने आपल्या बोलीत सांगितले, तर ते पटते. डिंडोलीसारख्या वस्तीत हे काम मुकादम, शिक्षिका, आरोग्यसेविका, भजनी मंडळाचे प्रमुख अधिक परिणामकारकपणे करू शकतात.

महाराष्ट्रात मुखपट्टीची सक्ती २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्यास उठली. सक्ती संपली तरी शिकलेला धडा संपू नये. खोकला असता तोंड झाकणे, रुग्णालयात व आजाऱ्याजवळ पट्टी वापरणे, ही सवय शांततेच्या काळातच रुजवली पाहिजे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात मुखपट्टी न वापरण्याची कोणती कारणे सांगितली गेली? त्यांपैकी खरी अडचण कोणती व सबब कोणती?

२. साथ पुन्हा आल्यास गावातील कोणाचे शब्द लोक मानतील? त्यांना आजपासून कोणती माहिती द्यावी?

३. गावाकडे परतणाऱ्या कामगारांचा अवमान न करता त्यांची व गावाची काळजी कशी घेता येईल?