कापलेल्या जाळ्याची किंमत

अभ्यासपाठ
वाचन: अनुवाद 22:6-7, लूक 5:1-11



या तिमाहीच्या पाठात आपण समुद्रातल्या एका प्राण्याविषयी शिकणार आहोत. कोयनानगरात बसून डॉल्फिनचा विचार कशाला करायचा, असे काहींना वाटेल. म्हणून आधी आपल्या धरणाच्या पाण्याचा रस्ता पाहू.

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. हा झाला नदीचा मूळ रस्ता. पण शिवसागर जलाशयातले बरेचसे पाणी या रस्त्याने जातच नाही. ते बोगद्यांतून सह्याद्री ओलांडून पोफळीच्या वीजगृहात उतरते, पुढे कोळकेवाडी आणि अलोरे करत वाशिष्ठी नदीत पडते. वर्षाला 67.5 टीएमसी पाणी असे पश्चिमेकडे वळवण्याची मुभा कृष्णा पाणी तंटा लवादाने दिलेली आहे. वाशिष्ठी चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जाते आणि तिथून अरबी समुद्रात. म्हणजे आपल्या दारातले पाणी डॉल्फिनच्या दारात पोहोचते. त्या अर्थाने तो आपला शेजारीच आहे.

खाडीच्या तोंडाशी राहणारा शेजारी

कोकण किनाऱ्यावर जो डॉल्फिन आपल्याला सहज दिसतो, तो पाठीवर उंचवटा असलेला करड्या रंगाचा हंपबॅक डॉल्फिन. काही ठिकाणचे मच्छीमार डॉल्फिनला ‘गादा’ म्हणतात. दापोली-गुहागरकडे पर्यटकांना होडीतून दाखवतात तो हाच. हा खोल समुद्रात जात नाही. उथळ पाणी आणि खाड्यांची तोंडे हे त्याचे घर. माणसाची मासेमारी सर्वांत जास्त जिथे चालते, नेमके तिथेच.

डॉल्फिन मासा नाही. तो आपल्यासारखा सस्तन प्राणी आहे. त्याला फुफ्फुसे असतात, श्वासासाठी तो पुन्हा पुन्हा वर येतो. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते, ती त्याला दूध पाजते आणि पुढचे पिल्लू व्हायला काही वर्षे जातात. मासे लाखोंनी अंडी घालतात. एका हंगामात बरेच मेले तरी पुढे भरून निघू शकतात. डॉल्फिनचे तसे नाही. एका खाडीतल्या दोन-चार माद्या मेल्या तर ते नुकसान भरून यायला माणसाची एक पिढी लागू शकते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत हा डॉल्फिन ‘संकटग्रस्त’ गटात आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने त्याला संरक्षण दिले आहे. त्याची शिकार करणाऱ्याला 3 ते 7 वर्षांची कैद होऊ शकते.

मग तो मरतो कसा? मुद्दाम मारणारे थोडे. तो मरतो जाळ्यात. गिलनेट नावाचे बारीक नायलॉनचे जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते आणि मासा त्यात कल्ल्यांपाशी अडकतो. त्याच माशाच्या मागे आलेला डॉल्फिनही गुरफटतो. त्याला वर येता आले नाही, तर काही मिनिटांत गुदमरून जातो.

इथे एक अवघड गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे जाळे बहुतेक वेळा लहान माणसाचे असते. बेकायदा मासेमारी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एलईडी दिव्यांचा झगझगाट करणाऱ्या मोठ्या बोटी येतात, आणि ते खरेही आहे. दिवे लावून मासे ओढण्यावर केंद्र शासनाने 2017 मध्ये बंदी घातली. पर्ससीन जाळ्यांवर राज्याने 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने मर्यादा आणल्या. 2021 मध्ये राज्याच्या सागरी मासेमारी कायद्यात दुरुस्ती करून दंडही वाढवले. तरीही मालवणपासून वरपर्यंत पारंपरिक मच्छीमारांना याविरुद्ध वारंवार आंदोलन करावे लागते. मोठ्या बोटी किनाऱ्याजवळचा मासा उपसून नेतात. उरलेल्या थोड्या माशासाठी लहान होडीवाला आणि डॉल्फिन एकाच जागी येतात. मग डॉल्फिन जाळे फाडतो आणि जाळे डॉल्फिनला मारते. नुकसान दोघांचे होते, आणि माशाचे पैसे तिसऱ्याने कधीच मोजून घेतलेले असतात.

मागच्या पावसाळ्याआधी खाडीकाठच्या एका वाडीत मी हेच समजावत बसलो होतो. एका वयस्कर काकांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “भाऊ, गादा मारू नये हे आम्हाला कळतं. पण जाळं कापलं तर दुसऱ्या दिवशी चूल कशावर पेटवू, ते सांगा.” माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हते. हा पाठ त्या प्रश्नातून लिहिला आहे.

मेक्सिकोतील वाकिटा

या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही तर काय होते, ते मेक्सिकोत दिसते. तिथल्या कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या उत्तर टोकाला वाकिटा नावाचा डॉल्फिनच्या नात्यातला लहानसा प्राणी राहतो. वाकिटा म्हणजे ‘छोटी गाय’. लांबी दीड मीटरच्या आसपास. 1958 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची पहिल्यांदा नोंद केली. जगात दुसरीकडे तो कुठेच नाही. 1997 च्या पाहणीत त्यांची संख्या सुमारे 570 होती. 2015 मध्ये ती साठच्या घरात आली. आता दहाच्या आसपासच उरले आहेत.

वाकिटाला कोणी विकत घेत नाही. विकला जातो तो तोतोआबा नावाचा मोठा मासा. त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला चीनमध्ये प्रचंड भाव मिळतो. तोतोआबा पकडायला 1975 पासून बंदी आहे. तरी रात्री चोरून गिलनेट टाकले जाते आणि त्यात वाकिटा गुदमरतो.

आपल्याकडे ही गोष्ट परकी वाटू नये. तोतोआबा आणि आपली घोळ एकाच कुळातले मासे. घोळीच्या पोटातल्या त्या पिशवीला आपले कोळी ‘बोत’ म्हणतात आणि तीही परदेशात जाते. ऑगस्ट 2021 मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावातल्या एका बोटीला 157 घोळी मिळाल्या आणि त्या 1 कोटी 33 लाख रुपयांना गेल्या, ही बातमी अनेकांनी वाचली असेल. घोळ पकडणे गुन्हा नाही आणि त्या बोटीने काही चूक केली नाही. पण एका माशाचा भाव दूरच्या बाजारात चढला की किनाऱ्यावर मोह किती वाढतो, हे यावरून समजते.

मेक्सिकोच्या सरकारने काहीच केले नाही असे नाही. 2015 मध्ये वाकिटाच्या भागात गिलनेटवर बंदी आली आणि मच्छीमारांना भरपाईही सुरू झाली. पण भरपाई परवानाधारकांच्या नावे निघाली. मोठा वाटा बोटींच्या मालकांकडे गेला, रोजंदारीवर जाळे ओढणाऱ्या खलाशांच्या हाती थोडेच पडले. पुढे 2018 अखेर तीही थांबली. ज्याची चूल विझली, त्याला तोतोआबाचा दलाल जवळचा वाटू लागला, यात नवल नाही. 2022 मध्ये नौदलाने समुद्रतळाशी आकडे लावलेले काँक्रीटचे ठोकळे टाकले. जाळी त्यांत अडकू लागली आणि त्या पट्ट्यात गिलनेट कमी झाले. मात्र हे झाले तेव्हा वाकिटा बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

आपल्या राज्यातली एक चांगली सुरुवात

महाराष्ट्रात 2018 च्या डिसेंबरमध्ये मत्स्यव्यवसाय विभाग आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष यांनी एक योजना सुरू केली. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला जिवंत समुद्रात सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी जास्तीत जास्त 25,000 रुपये मिळतात. पुरावा म्हणून सुटकेचे फोटो लागतात. समुद्री कासवे आणि व्हेल शार्क यांना या योजनेचा मोठा उपयोग झाला.

योजनेतली रक्कम मोठी नाही. अर्ज, फोटो, बँक खाते हे सगळे करावे लागते आणि पैसे यायला वेळ लागतो. तरी तिच्यातला विचार मोलाचा आहे. प्राणी वाचवणे हे सगळ्या समाजाचे काम असेल, तर त्याचा खर्च एकट्या गरिबाने का भरावा? त्या काकांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. उरलेले अर्धे उत्तर म्हणजे ही माहिती आणि कागदपत्रे त्यांच्या हाती देणारे कोणीतरी. ते काम आपले आहे.

कोयनेच्या लोकांना हा मुद्दा वेगळा समजावावा लागत नाही. धरणाने राज्याला वीज दिली. गावे इथल्या लोकांची बुडाली. 1985 मध्ये कोयना अभयारण्य झाले, 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. जंगल राखले गेले हे चांगलेच झाले. पण ते राखण्याची किंमत कोणी मोजली, हे पुनर्वसनाची वाट पाहिलेल्या घरांना विचारावे.

वचन काय शिकवते

अनुवादाच्या 22 व्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले आणि आई पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असेल, तर पिल्ले घ्यावीत, पण आईला सोडून द्यावे. भुकेल्याला हात रिकामा ठेव असे ही आज्ञा सांगत नाही. घेण्याची मुभा देते. मात्र जिच्यापासून उद्याचे अन्न येणार, तिला हात लावू नको म्हणते. आणि त्याच आज्ञेला देव सुखाचे व दीर्घायुष्याचे वचन जोडतो.

हा नियम आपल्या लोकांना नवा नाही. कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ठेवतात. शासनाची 1 जून ते 31 जुलै ही मासेमारीबंदी त्याच शहाणपणावर उभी आहे.

लूकच्या 5 व्या अध्यायात पेत्राच्या जाळ्यात इतके मासे येतात की जाळी फाटू लागतात. तेव्हा तो काय करतो? दुसऱ्या मचव्यातल्या साथीदारांना हाक मारतो, आणि ते येतात. आपण हा भाग बहुधा चमत्कारासाठी वाचतो. या वेळी तो साथीदारांसाठी वाचा. जाळे फाटणाऱ्या माणसाला हाक मारायला दुसरा मचवा जवळ असावा लागतो.

आपल्या पाड्यांवर

घाटाखाली आणि घाटावरही आपल्या कातकरी कुटुंबांचे पोट काही महिने मासे-खेकड्यांवर चालते. त्यांच्याशी बोलताना पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

1. पहिल्या पावसात गाभोळीने भरलेले चढणीचे मासे ओढ्यांत वर येतात. घरच्या कालवणापुरते घेणे वेगळे आणि ओढा आडवा बांधून सगळे काढणे वेगळे. घरट्याची आज्ञा इथे सांगावी.

2. जिलेटीनचा बार आणि ब्लीचिंग पावडर यांना ठाम नकार द्यावा. त्याने पिल्लांसकट सगळे मरते, माणसांचे हात तुटतात आणि तेच पाणी खालची वस्ती पिते. हे सामान बाहेरून आणून देणारा व्यापारी सहसा पकडला जात नाही. पकडला जातो तो पाड्यावरचा मुलगा. हे मुलांना स्पष्ट सांगावे.

3. खाडीकाठच्या वस्तीत जिवंत डॉल्फिन किंवा कासव जाळ्यात सापडले, तर जाळे कापावे, प्राण्याला ओढू नये. डॉल्फिनचे श्वासाचे छिद्र डोक्यावर असते. ते पाण्याबाहेर राहील असे पाहावे. शेपटी किंवा पर धरून उचलू नये. फोटो काढून वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

4. प्राणी मेलेला सापडला तरी कळवावे. शिक्षेच्या भीतीने लोक ते लपवतात. आपण सोबत उभे राहिलो तर भीती कमी होते.

5. आधार, बँक खाते, होडीची नोंदणी ही कागदपत्रे ज्यांची अपुरी आहेत, त्यांची यादी आताच करावी. कागद नसेल तर भरपाई दुसऱ्याच्या नावे जाते. मेक्सिकोत तेच झाले.

पावसाळ्याआधी त्या वाडीत मी पुन्हा जाणार आहे. या वेळी अर्जाचा नमुना बरोबर नेईन.

गटचर्चेसाठी प्रश्न

1. घरट्याच्या आज्ञेत काय घेण्याची मुभा आहे आणि काय सोडायचे आहे? आपल्या ओढ्यावर तिचा अर्थ काय?

2. वाकिटासाठी कायदाही होता आणि पैसाही होता. मग कुठे कमी पडले?

3. आपल्या भागात जंगल, धरण किंवा प्राणी राखण्याची किंमत कोणी भरली? त्यात आपण कोणाचे साथीदार झालो?

4. तुमच्या वस्तीत आज कोणाचे ‘जाळे फाटले’ आहे? येत्या आठवड्यात त्या घरी कोण जाणार, ते नावानिशी ठरवा आणि मग प्रार्थनेने पाठ संपवा.