धानाच्या मुळातील हवेची वाट

नाचणगावच्या काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचून राहिले, की कपाशी पिवळी पडून कोमेजते. भंडाऱ्याच्या बांध्यांत धान मात्र पाण्यातच वाढते. या भेदाचे कारण मुळांच्या रचनेत आहे. धानाच्या मुळाचा पातळ आडवा छेद शाळेतील सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यास बाह्य थर व मधला वाहक गाभा यांच्यामध्ये मोठ्या पोकळ्या दिसतात. तेथील पेशी विरून त्या तयार होतात. पानांकडून येणारा प्राणवायू त्यांतून मुळाच्या टोकापर्यंत पोहोचतो. बाहेरचा घट्ट थर तो चिखलात फारसा निसटू देत नाही. कपाशीच्या मुळांना मुख्यतः मातीतील हवेचाच आधार असतो. म्हणून कपाशीच्या शेतात पावसाळ्यापूर्वी उताराला धरून चर काढणे आणि गावाचे नाले मोकळे ठेवणे अगत्याचे आहे.