पेटीवरील बैठक : हलकी आणि भारी

धाकट्या डहाणूच्या किनाऱ्यावर मासळीची भरलेली टोपली उचलणाऱ्या माणसाकडे पाहिलें, म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. ओझें हात धरतात, परंतु तें उचलतात पाय. पाय दुर्बल असले कीं तोच भार कमरेवर येतो. यास्तव पाय बळकट करण्याच्या एका रीतीचा विचार आम्ही येथें करणार आहोंत.

आपल्या तालमींत बैठका पूर्वापार चालत आल्या आहेत. त्यांत शरीर ज्या झोक्यानें खालीं जातें, त्याच झोक्याच्या साहाय्यानें वर येतें. पेटीवरील बैठकींत हा झोका मोडतो. मागें सुमारें गुडघ्याइतकी उंच व मजबूत लांकडी पेटी ठेवावी. पाठ ताठ राखून, कंबर मागें नेत, सावकाश पेटीवर टेंकावें, क्षणभर थांबावें, आणि अंग सैल न सोडतां उठावें. थांबल्यामुळें स्नायूंची उसळी कमी होते व पायांस नव्यानें जोर करावा लागतो.

अमेरिकेंतील कोलंबस शहरीं लुई सिमन्स (मृत्यु २०२२) यांनीं ही पद्धति विशेष प्रसिद्धीस आणली. तींत आठवड्याचा एक दिवस हलका व एक भारी असतो. मध्यें सुमारें ७२ तास जाऊं देतात. ज्यास १०० किलो पेलतात, तो हलक्या दिवशीं ५० ते ६० किलो घेऊन दोन-दोन बैठकांच्या ८ ते १२ फेऱ्या करतो, पण प्रत्येक वेळीं होईल तितक्या वेगानें उठतो. भारी दिवशीं वजन कमालीच्या जवळ नेऊन एक ते तीनच बैठका काढतो. न्यूटनच्या नियमाप्रमाणें बल म्हणजे वस्तुमान आणि त्वरण यांचा गुणाकार. भारी दिवशीं पहिलें वाढतें, हलक्या दिवशीं दुसरें. म्हणून हलका दिवस आळसाचा नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, पेटीवर धपकन् कधींही बसूं नका. वरचा भार व खालची पेटी यांमध्यें पाठीचा कणा दाबला जातो. प्रथम वजनाविना बैठक साधावी. भारी वजन जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीवांचून घेऊंच नये. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलानें किती उचललें हें विचारण्यापूर्वीं तो कसा बसला व कसा उठला, हें पाहावें. ज्यास टोपली आयुष्यभर उचलावयाची आहे, त्यानें एका दिवसाच्या फुशारकीसाठीं कंबर गमावूं नये.