प्रधान कोणते, अंग कोणते?
(श्रीगोरोबाकाकांच्या चरित्रावरून एक पाठ)

सज्जनहो, आमच्या धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर हे गाव आहे. प्राचीन काळी यासच तगर म्हणत. इ. स. च्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील फार मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख आहे. येथला माल गाड्यांतून भडोच बंदरापर्यंत जाई. त्या काळची मातीची भांडी व मूर्ती आज गावातील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात पाहावयास मिळतात. पण वारकरी तेरास जातो तो एका कुंभाराच्या समाधीवर डोके ठेवायला. श्रीगोरोबाकाकांनी शके १२३९ (इ. स. १३१७), चैत्र वद्य त्रयोदशीस येथे देह ठेवला, अशी परंपरा आहे. तगरच्या शेठसावकारांपैकी एकाचेही नाव आज कोणाच्या तोंडी नाही; काकांचे नाव मात्र घरोघरी आहे.

यावरून प्रश्न असा निघतो की, माणसाच्या हातात कामे हजार. त्यांत मुख्य कोणते ते ओळखावे कसे?

पाठशाळेत आम्हांस मीमांसेचा एक विचार शिकविला होता. कर्मात एक प्रधान असते व बाकीची त्याची अंगे. दर्शपूर्णमास इष्टीत आग्नेयादी याग प्रधान आणि पाच प्रयाज ही अंगे. अंग असते ते प्रधानासाठी. म्हणून अंगालाच प्रधान समजणे ही चूक. पण प्रधान हाती आले म्हणून अंग टाकून देणे, हीही चूकच. अंग टाकले की कर्म लंगडे होते. हा विचार नीट ध्यानात धरा, आणि आता कथेकडे या.

महिपतीबुवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'मुळे ही कथा सर्वतोमुखी आहे. काका चिखल तुडवीत होते. पत्नी लेकराला जवळ सोडून पाण्यास गेली. मुखी नाम, डोळे मिटलेले; लेकरू रांगत पायाखाली आले आणि चिखलात मिसळून गेले. काकांना कळलेही नाही.

आता कुंभाराचे काम पाहिले असेल त्यास ठाऊक आहे की, माती तुडविताना पायालाही डोळे लागतात. बारीकसा खडा राहिला तरी मडके आव्यात तडकते. तो खडा पायालाच कळतो. असे रोज जागे असणारे पाय त्या दिवशी नामात बुडाले.

येथे कोणी शंका घेतील, "महाराज, मग देहभान हरपणे हा दोष म्हणायचा का? आम्ही तर तोच भक्तीचा कळस ऐकत आलो."

समाधान असे. कथा चिखलापाशी थांबत नाही, बरं का. ती पुढे पंढरीस जाते. नामदेवरायांच्या कीर्तनात काकांचे तुटलेले हात परत आले, आणि लेकरूही परत आले. आमचे म्हणणे एवढेच की, देवाला मूल तुडविलेले चालत असते, तर त्याने ते परत कशाला दिले असते? नाम हे प्रधान, यात संशय नाही. पण ज्याचे नाम घ्यायचे, त्यालाच ते लेकरू हवे होते. खरे प्रधान अंगाला गिळीत नाही, सांभाळते.

ही गोष्ट आम्ही कीर्तनात किती वेळा सांगितली असेल, त्याचा हिशेब नाही. कळली मात्र उशिरा.

आमचे एक विणेकरी होते. तीस वर्षे आमच्या मागे उभे राहिले. काही वर्षांमागे ते अंथरुणास खिळले. अधिक महिना होता, सप्ताहामागून सप्ताह चाललेले, आमची वही तारखांनी भरलेली. त्यांचा नातू तीनदा निरोप घेऊन आला. "आजोबा म्हणतात, बुवांनी एकदा येऊन बसावं. कीर्तन नको, नुसता हरिपाठ म्हणू." आम्ही तिन्ही वेळा म्हणालो, "काला झाला की येतो." एक काला झाला, दुसरा झाला. आम्ही पोचलो ते तेराव्याच्या प्रवचनाला. वीणा खुंटीला टांगलेली होती. नातवाने पाया पडून पाणी दिले; शब्दाने काही बोलला नाही.

ज्या रात्री त्यांचा प्राण गेला, त्या रात्री आम्ही दुसऱ्या गावी हीच काकांची कथा सांगत होतो. श्रोते रडत होते. पायाखाली कोण आले, हे काकांना नामापायी कळले नाही. आम्हांला ते तारखेपायी आणि बिदागीपायी कळले नाही. आमच्या पायांना कसली समाधी लागली होती?

काकांनी संतमेळ्यात थापटणे घेऊन एकेकाचे डोके पारखले आणि नामदेवरायांस कच्चे मडके म्हटले, हे आपण जाणता. नामदेवराय रागावले, पण मग विसोबा खेचरांकडे जाऊन पक्के भाजून आले. कच्चे ठरण्यात लाज नाही. आव्यात जायला नकार देण्यात आहे.

तेव्हापासून आम्ही एक नेम धरला आहे. सप्ताहाचे बोलावणे कितीही मोठे असो, आठवड्यातला एक दिवस वहीत कोरा ठेवतो. त्या दिवशी जे वारीला येऊ शकत नाहीत, त्यांच्या उशाशी बसून हरिपाठ म्हणतो.

वारकरीहो, आषाढीची तयारी करा, पेरणी उरका, धंदा सचोटीने करा. नाम प्रधान ठेवा. पण रोज सकाळी चिखलात पाय घालण्याआधी एकदा डोळे उघडून खाली पहा, लेकरू कुठे आहे. आमचे विणेकरी आता परत येणार नाहीत. तुमचे कोणी अजून वाट पाहत असेल, तर आजच जा.

॥ रामकृष्णहरि ॥