एका कामाला एकच नरसाळं



या वेळचा धडा एका अगदी साध्या वस्तूवर आहे. ती प्रत्येकीच्या घरात असते, पण गटाच्या सामानाच्या यादीत कधीच लिहिलेली नसते. ती वस्तू म्हणजे नरसाळं. कुणी त्याला फनेल म्हणतं. वरून पसरट, खाली नळी. शेतात पेरणीच्या वेळी पाभरीवर जे चाडं असतं, त्याचंही काम तेच. वरून मूठभर बी सोडायचं आणि ते नळीतून नेमकं तासात पडायचं, इकडेतिकडे सांडायचं नाही.

एवढ्याशा वस्तूवर धडा कशाला, असं वाटेल. तर आधी आमच्या गटात काय झालं ते सांगते.

आम्ही बाराजणी. घाण्याचं शेंगदाणा तेल बाटल्यांत भरून विकतो, आणि सोबत फिनाईलही बनवतो. दिवाळीच्या आधी दोन्हीची मागणी एकदम आली. सकाळी फिनाईल भरलं. दुपारी त्याच पडवीत तेल भरायला बसलो. नरसाळं एकच होतं. ते दोनदा पाण्यानं खळखळून धुतलं, पदराला पुसलं आणि कामाला लागलो. अर्ध्या लिटरच्या वीस बाटल्या भरून झाल्या. झाकणं लावताना आमच्यातल्या एका काकूंनी बाटली नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "अगं पोरींनो, याला फिनाईलचा वास येतोय!"

पहिल्या बाटलीला वास जास्त होता, पुढच्यांना कमी. पण कुठल्या बाटलीत किती गेलं हे कोण सांगणार? वीसच्या वीस बाजूला काढल्या. दहा लिटर तेल, दोनशे चाळीस रुपये लिटरनं दोन हजार चारशे रुपये. आमची महिन्याची बचत प्रत्येकी शंभर, म्हणजे गटाची बाराशे. पुरी दोन महिन्यांची बचत एका नरसाळ्यानं घालवली. आणि काकूंनी वास घेतला नसता तर ते तेल कुणाच्या तरी कढईत गेलं असतं. पैशापेक्षा त्याचीच भीती जास्त वाटली.

चूक कुणा एकीची नव्हती. आम्हाला कुणालाच हे सुचलं नव्हतं. म्हणून हा धडा.

१. वेगळं नरसाळं का हवं?

फिनाईलचा अंश आणि वास नुसत्या पाण्यानं जात नाही. प्लॅस्टिकमध्ये वास मुरतो. नळीच्या आतल्या बाजूला हात पोचत नाही, तिथे पातळ थर राहतोच. म्हणून खाण्याच्या वस्तूचं नरसाळं वेगळं, फिनाईल-साबणाचं वेगळं, आणि शेतातल्या औषधाचं तर घरात आणायचंच नाही.

ओळखायला सोपं जावं म्हणून खाण्याचं स्टीलचं ठेवा आणि फिनाईलचं रंगीत प्लॅस्टिकचं. फिनाईलच्या नरसाळ्याला लाल दोरा बांधा. ज्या बाईला वाचता येत नाही, तिलाही लाल दोरा कळतो. दोन्ही एका खिळ्याला टांगू नका.

खाण्याच्या वस्तूंतही फरक करा. मिरची-मसाल्याचं नरसाळं मधाला किंवा सरबताला वापरलं तर चव बिघडते. कोकम आगळ, लिंबाचं सरबत अशा आंबट वस्तूंना स्टीलचं वापरा. कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं नको, कारण आंबटामुळे धातू पदार्थात उतरतो. प्लॅस्टिकचं घ्यायचं असेल तर त्यावर पेला आणि काटा-चमच्याची खूण आहे का बघा. ती खूण म्हणजे अन्नासाठी चालणारं प्लॅस्टिक. गरम तूप किंवा तेल प्लॅस्टिकच्या नरसाळ्यातून ओतू नका, आणि पातळ प्लॅस्टिकच्या बाटलीत तर नाहीच. बाटली आकसते. कोमट झाल्यावर भरा.

२. मध्येच अडकतं ते का?

तेल ओतताना नरसाळं भरून राहतं, खाली उतरत नाही, आणि मग एकदम बुडबुडा येऊन अंगावर उडतं. हे सगळ्यांनी पाहिलंय. कारण सोपं आहे. रिकामी बाटली रिकामी नसते, तिच्यात हवा असते. तेल आत यायचं तर हवेला बाहेर जायला वाट हवी. नरसाळं बाटलीच्या तोंडात घट्ट बसलं की ती वाट बंद होते.

बैठकीत करून बघा. बाटलीच्या तोंडावर बारीक नळीचं नरसाळं ठेवा आणि भोवती कणकेचा गोळा घट्ट लिंपा. वरून पाणी ओता. थोडं उतरेल आणि थांबेल. आता कणकेला काडीनं भोक पाडा. हवा बाहेर येईल आणि पाणी सरसर खाली जाईल.

कामाच्या वेळी काडी-कणीक नको. नरसाळं बोटभर उचलून धरा, किंवा नळी आणि बाटलीच्या मध्ये एक स्वच्छ, कोरडी सळई घाला. विकत घेतानाच आपली बाटली बरोबर न्या. नळी तोंडात सैल बसली पाहिजे.

मसाला, पीठ, चटणी यांचं वेगळं. त्यांचे कण एकमेकांना धरून नळीच्या तोंडावर कमान करतात. त्यासाठी नळी जितकी रुंद तितकी बरी. अडकलं तर नरसाळ्याला बाहेरून टिचकी मारा, किंवा चमच्याच्या कोरड्या दांड्यानं मोकळं करा. ओला चमचा घातला की गुठळी झालीच. एखाद्या वेळी भरायचं असेल तर कोऱ्या जाड कागदाचा शंकू करून टोक कापलं तरी चालतं. वर्तमानपत्राचा कागद मात्र नको, त्याची शाई अन्नाला लागते.

३. कोरडं म्हणजे अगदी कोरडं

नरसाळं आदल्या रात्री गरम पाणी आणि साबणानं धुवा, नळीत बाटली घासायचा ब्रश फिरवा, आणि नळी खाली करून टांगून ठेवा. सकाळी स्वच्छ सुती फडक्यानं पुसा. पदरानं नाही. पाण्याचा थेंब तेलात गेला तर ते तापवताना तडतडून अंगावर उडतं. मसाल्यात गेला तर बुरशी धरते. मधात गेला तर मध आंबू शकतो.

४. सांडलं किती, याचा हिशोब

एका बाटलीमागे दहा मिली सांडलं, म्हणजे दोन छोटे चमचे, तर काय मोठं? शंभर बाटल्यांमागे ते एक लिटर होतं. आमच्या भावानं दोनशे चाळीस रुपये. त्या पैशात स्टीलचं चांगलं नरसाळं येतं.

भरताना खाली परात ठेवा. नरसाळं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. शेवटचे थेंब निथळू द्या, मग नरसाळं उचलून वाटीवर धरा आणि पुढच्या बाटलीवर न्या. परातीत सांडलेलं पुन्हा बाटलीत भरू नका.

अजून एक चूक आपण करतो. किलो आणि लिटर एकच धरतो. एक लिटर शेंगदाणा तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणून चिठ्ठीवर 500 मिली लिहिलं असेल तर काट्यावर साधारण 455 ग्रॅम हवं. चिठ्ठीवर 500 ग्रॅम असेल तर पूर्ण 500 ग्रॅम भरा. दोन्हींची गल्लत झाली तर एकतर आपलं नुकसान किंवा गिऱ्हाइकाची फसवणूक. काट्यावर आधी रिकामी बाटली ठेवून शून्य करा. आकडा वाचताना नरसाळं बाटलीवर नको, नाहीतर त्याचंही वजन धरलं जाईल.

५. बाटलीचंही तेच

फिनाईल कधीही थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरू नका. पांढरं फिनाईल पोराला दुधासारखं दिसतं. गिऱ्हाईक रिकामी बाटली घेऊन आलं तरी नाही म्हणा. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि ती वरच्या फळीवर ठेवा. चुकून कुणी प्यायलं तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. तोंड पुसा, 108 ला फोन करा आणि ती बाटली दवाखान्यात सोबत न्या, म्हणजे काय पोटात गेलं हे डॉक्टरांना कळेल.

पुढच्या बैठकीत बोला

- आपल्या गटात किती नरसाळी आहेत? कुठलं कशाला वापरतो?
- मागच्या महिन्यात भरताना किती माल सांडला? कुणी लिहून ठेवलं का?
- फिनाईल आणि खाण्याचा माल एकाच जागी, एकाच दिवशी भरतो का?

आमच्या गटानं त्या दिवाळीनंतर ठराव केला. खाण्याचा माल सकाळी, स्वयंपाकघराच्या बाजूला. फिनाईल दुसऱ्या दिवशी, मागच्या पडवीत. तीन नरसाळी घेतली आणि त्यांची नोंद सामानाच्या वहीत केली. आणि झाकण लावण्याआधी प्रत्येक दहावी बाटली काकूंच्या नाकाखालून जाते. आता काकूच म्हणतात, "माझं नाक म्हणजे गटाचा शिक्का!"

तुमच्याही गटात हा ठराव होऊ द्या. नरसाळ्याला दोन पैसे लागतील, पण गिऱ्हाइकाचा विश्वास सांडला तर तो परत भरायला नरसाळं मिळत नाही.